हेरकथेचे सोपे इंग्रजी आणि जबलपूरच्या जुन्या जबान्या

बदलीच्या नोकरीत असलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना तीन भाषांचा संसार फार लवकर मांडावा लागतो. घरात मराठी, अंगणात व बाजारात हिंदी, आणि दप्तरात इंग्रजी. जबलपूरच्या मदन महल भागातील मराठी घरांची स्थिती ह्याहून निराळी नाही. उच्च न्यायालय, रेल्वे आणि संरक्षण खात्याचे कारखाने ह्यांच्या निमित्ताने मराठी माणूस ह्या गावी पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला आहे. त्याचा मुलगा हिंदी वर्षभरात उचलतो. मराठी आईच्या तोंडून टिकते. इंग्रजीचे मात्र तसे होत नाही. मुलगा धडा वाचतो, प्रश्नोत्तरे पाठ करतो, परीक्षेत गुणही मिळवितो. पण आपण होऊन एखादे इंग्रजी पुस्तक हाती घेऊन कोपऱ्यात बसला आहे, असे दृश्य क्वचितच दिसते. अशा मुलाच्या हाती सोप्या इंग्रजीत उतरविलेली एखादी नामांकित हेरकथा द्यावी, हा उपाय पुष्कळदा सुचविला जातो. उपाय चांगला आहे. पण त्याला एक इतिहास आहे आणि त्यात एक धोकाही आहे. ह्या दोहोंचा विचार करताना जबलपूरच्याच भूतकाळाकडे वळावे लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोठे ग्रंथ मुलांसाठी सोपे करण्याची कल्पना जुनीच. चार्ल्स व मेरी लँब ह्या भावाबहिणींनी शेक्सपिअरची नाटके १८०७ साली मुलांसाठी कथारूपाने सांगितली. पण ती मुले इंग्रजांची होती. कथा अवघड होती, भाषा परकी नव्हती. भाषाच परकी असलेल्या मुलांसाठी पुस्तक सोपे कसे करावे, ह्याचा शास्त्रशुद्ध विचार मुख्यतः हिंदुस्थानच्या भूमीवर, ढाक्याला झाला. मायकेल वेस्ट हे हिंदी शिक्षणखात्यातील अधिकारी तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलगा इंग्रजीवर वर्षानुवर्षे खर्च करतो आणि शेवटी त्याला धड बोलता येत नाही, धड वाचताही येत नाही, हे त्यांनी पाहिले. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी विमाव्यवसायातून एक कल्पना उसनी घेतली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी पॉलिसीची काही सरेंडर किंमत हाती येते. तशी शिक्षणाचीही यावी. मुलगा शाळा अर्ध्यावर सोडील तर त्या अर्ध्या शिक्षणाचे त्याच्याजवळ काय उरेल? वेस्ट ह्यांचे उत्तर होते, वाचनाची शक्ती. ज्याची दोन-तीन वर्षांनी बदली होते आणि ज्याच्या मुलाची शाळा त्याबरोबर बदलते, अशा अधिकाऱ्याला ही सरेंडर किंमत निराळी समजावून सांगावयास नको.

वेस्ट ह्यांची रीत साधी होती. जुन्या व दुर्मीळ शब्दांच्या जागी नित्याचे शब्द घालावयाचे, आणि जे नवे शब्द अपरिहार्य असतील ते एकाच पानावर गर्दी न करता दूर दूर पेरावयाचे. पुढे शब्द मोजण्याचे एक युगच आले. ऑग्डेन ह्यांनी १९३० साली अवघ्या ८५० शब्दांचे मूलभूत इंग्रजी मांडले. वेस्ट ह्यांची सुमारे २००० मूळ शब्दांची प्रसिद्ध यादी १९५३ साली बाहेर पडली. अलीकडे, २००० साली, कथात्मक मजकुरावर झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले की, मजकुरातील शेकडा सुमारे ९८ शब्द ओळखीचे असले म्हणजे बहुतेकांना तो कोणाच्या मदतीवाचून नीट समजतो. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी चालतो. आपल्या मुलाला पुस्तक पेलेल की नाही, हे पाहण्यास ह्याहून सोपे माप नाही. कोणतेही एक पान काढून त्याला अडणारे शब्द मोजावे, एवढेच.

शब्द सोपे झाले तरी मूल पान का उलटील, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर हेरकथा देते. आपल्याकडे हेरकथेला प्रतिष्ठित वाङ्मयाच्या पंगतीत पाट मिळाला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे झुंझार आणि काळापहाड घरोघर पोहोचले. पण वडीलधाऱ्यांनी ती पुस्तके मुलांच्या उशाखालून काढून जप्तच केली. तथापि त्याच पुस्तकांनी कितीतरी मुलांना भरभर मराठी वाचावयास शिकविले, हे कोणी नाकारणार नाही. पुढे काय झाले हे कळल्यावाचून राहवत नाही, ही ओढ भाषाशिक्षणाला जे देते ते व्याकरणाच्या पुस्तकाला देता येत नाही.

उदाहरणादाखल विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ ही कादंबरी घेऊ. ती १८६८ साली डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. इंग्रजी हेरकादंबरीच्या आद्य नमुन्यांत तिची गणना होते आणि तिच्या सोप्या आवृत्त्या अनेक निघाल्या आहेत. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने बळकावलेला हिरा पुढे इंग्लंडात त्याच्या भाचीला अठराव्या वाढदिवशी भेट मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. तिच्या खोलीच्या नुकत्याच रंगविलेल्या दारावर एक लहानसा डाग पडलेला असतो, रंग पुसटला गेल्याचा. स्थानिक पोलीस अधिकारी तो डाग क्षुल्लक ठरवितो. मोलकरणींच्या घागऱ्यांचा घोळ लागला असेल म्हणून सोडून देतो. लंडनहून आलेला सार्जंट कफ मात्र तेथेच थांबतो. रंगकाम दुपारी ३ वाजता संपले. हा रंग वाळावयास १२ तास लागतात. मध्यरात्री दार पाहिले तेव्हा डाग नव्हता. म्हणजे डाग पडला तो रात्री १२ ते ३ च्या दरम्यान. ज्याच्या कपड्याला रंग लागला असेल तो शोधावयाचा. पुढे काय होते ते आम्ही येथे सांगत नाही. वाचकांच्या घरी हे पुस्तक जावयाचे आहे.

आता ही कथा सोपी करणाऱ्याची अडचण पाहा. डाग पुसटल्याचा इंग्रजी शब्द ‘स्मिअर’ यादीबाहेरचा आहे. तो गाळून ‘खूण’ असा मोघम शब्द घातला तर वाक्य सोपे होते आणि कोडे मोडते, कारण ओल्या रंगाची कल्पनाच नाहीशी होते. मदन महलच्या टेकडीवर, गोंड राजांच्या त्या लहानशा गढीजवळ, एका शिळेवर दुसरी प्रचंड शिळा जेमतेम टेकून उभी आहे. १९९७ सालच्या २२ मेच्या भूकंपातही ती ढळली नाही. तिच्या विस्तारापैकी पुष्कळसा भाग कोणी घडवून काढला तरी कदाचित ती उभी राहील. पण जेथे ती टेकली आहे ती चार बोटे जागा खरवडली तर काय होईल ते सांगावयास नको. हेरकथेतही वर्णने, संभाषणे, उपकथानके कमी करता येतात. कथा ज्या चार शब्दांवर टेकली आहे, ते कमी करता येत नाहीत. ते अवघड असले तर मुलाला आधी शिकवावे.

ह्याहून मोठा धोका दुसराच आहे. ‘मूनस्टोन’ची कथा कोणी एकजण सांगत नाही. वृद्ध कारभारी, धर्मपुस्तिका वाटीत हिंडणारी एक नातेवाईक, वकील, डॉक्टरचा मदतनीस असे अनेकजण आपापल्या डोळ्यांपुढे घडले तेवढेच सांगतात. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या स्वभावाने रंगलेले असते; खुद्द कफचाही पहिला तर्क चुकतो. सोपे करणारा पुष्कळदा ही सारी गर्दी हटवून एकाच निवेदकाच्या तोंडी सगळी कथा घालतो. मुलाचे श्रम वाचतात, पण जबानी तोलून पाहण्याची जी सवय ह्या पुस्तकाने लागावयाची ती लागत नाही. ती सवय नसली म्हणजे काय होते, हे जबलपूरला शिकता येते.

१८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात असलेला हा मुलूख कंपनीकडे गेल्यावर विल्यम स्लीमन हा अधिकारी प्रथम नरसिंहपूरला व नंतर जबलपूरला आला. आपण नरसिंहपूरला जिल्ह्याचा कारभार पाहत असता कचेरीपासून ४०० यार्डांच्या आत कंदेली गावी ठगांची एक टोळी राहत होती आणि आपणांस तिचा पत्ताही नव्हता, अशी कबुली त्याने पुढे दिली. कचेरीतल्या कागदांत काहीच दिसले नव्हते. मग त्याने वाचण्याची निराळी रीत धरली. फिरंगिया ह्यासारख्या पकडलेल्या ठगांना त्याने माफीचे साक्षीदार केले, त्यांच्या जबान्या अलग अलग घेऊन ताडून पाहिल्या, पुरलेली प्रेते उकरविली, टोळ्यांच्या वंशावळी व मार्गांचे नकाशे तयार केले. १८३५ साली तो ठगीविरोधी मोहिमेचा मुख्य अधीक्षक झाला. लंडनच्या पोलिसांत गुप्तहेरांची स्वतंत्र शाखा १८४२ साली निघाली. हे जबलपूरचे काम तिच्या आधीचे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष असे की, स्लीमनच्या १८३६ च्या ग्रंथाचा एक मुख्य भाग म्हणजे शब्दसंग्रह होय. ठगांच्या ‘रामासी’ नावाच्या सांकेतिक बोलीतील शब्द त्याने अर्थांसह दिले. शब्द कळले म्हणजे माणसे कळतील, ही त्याची श्रद्धा होती. पण शब्दांची यादी हाती आल्याने जबानी खरी ठरत नाही. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधीतरी सामील असणे एवढ्याच गुन्ह्यास जन्मठेपेची व सक्तमजुरीची शिक्षा ठरविली. सामील असल्याचा पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदाराचा, आणि त्या साक्षीदाराचा जीव त्याच्या साक्षीवर अवलंबून! राधिका सिंघ ह्यांनी १९९८ साली व किम वागनर ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या पुराव्याची पुन्हा छाननी केली आहे. वाटमारी व खून झाले हे खरे. परंतु साऱ्या देशभर पसरलेल्या एका गूढ धर्मपंथाचे जे चित्र उभे राहिले, त्यात विचारणाऱ्याच्या प्रश्नांचा व लिहून घेणाऱ्याच्या लेखणीचा वाटा मोठा होता. निर्दोष माणसे त्यात किती सापडली असतील, ह्याचा हिशेब आज कोणालाही मांडता येणार नाही.

हेच चित्र मेडोज टेलरच्या १८३९ च्या ठगाच्या कबुलीजबाबाच्या कादंबरीतून इंग्रज वाचकाच्या मनावर ठसले. हा टेलर पुढे नळदुर्गास अधिकारी होता. आपल्याकडे तो अपरिचित नाही. त्यानंतर तीस वर्षांच्या आत आलेल्या ‘मूनस्टोन’मध्ये हिऱ्याच्या शोधात इंग्लंडात आलेले तीन ब्राह्मण आहेत. घरात चोरी होताच पहिला संशय त्यांच्यावर जातो. कॉलिन्सचा मोठेपणा असा की, कथेच्या आरंभी हिरा प्रथम कोणी चोरला हे त्याने सांगून ठेवले आणि शेवट काठेवाडात, सोमनाथाच्या परिसरात नेला. समुद्र ओलांडून जात गमावणाऱ्या त्या तिघांचा त्याग तेथे दिसतो. संक्षेप करताना हा आरंभ व हा शेवट कापला की उरतात ते केवळ तीन काळे, भयंकर परदेशी. आपल्या घरातील मूल मग स्वतःच्याच देशबांधवांची ओळख इंग्रजी वाचनाच्या पहिल्या पायरीवर अशी करून घेईल. पुस्तक विकत घेण्यापूर्वी पालकांनी ही दोन टोके शाबूत आहेत की नाहीत, एवढे अवश्य पाहावे.

मुलाला साहाय्य कसे करावे, ह्यासाठी मराठी अधिकाऱ्याला वेगळे शिक्षण नको. पंचनामा, जबानी, उलटतपासणी हे त्याचे रोजचे शब्द आहेत. वहीच्या पानावर चार रकाने आखावे: कोण सांगतो, त्याने स्वतः काय पाहिले, केव्हा पाहिले, आणि खोटे बोलण्यात त्याचा काही लाभ आहे काय. प्रत्येक प्रकरणानंतर मुलाने हे रकाने इंग्रजीत, सोप्या वाक्यांत भरावे. अडलेल्या प्रत्येक शब्दाशी थांबू नये. पुरावा ज्यावर टेकला आहे त्याच शब्दाशी थांबावे. प्रकरणाची चर्चा मात्र मराठीत होऊ द्यावी. मुलाचा तर्क त्याच्या इंग्रजीच्या पुष्कळ पुढे धावत असतो. त्याला इंग्रजीच्या दावणीला बांधल्यास तर्कही थांबतो आणि वाचनही. उलगड्याच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटून त्याचे अनुमान कागदावर लिहून घ्यावे. ते चुकले तरी हरकत नाही. कफचेही चुकले होते.

शेवटी एक प्रश्न मुलापुढे ठेवावा: ह्या सगळ्यांत कोणाची जबानी घेतलेलीच नाही? ‘मूनस्टोन’मध्ये सारे बोलतात, ते तीन ब्राह्मण स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत कोठेही सांगत नाहीत. त्यांच्याविषयी जे कळते ते इंग्रजांच्या लेखणीतून. जबलपूरच्या ठगांचेही तसेच. त्यांचे बोलणे आपणांपर्यंत आले ते स्लीमनच्या कचेरीतील भाषांतरातून. हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला नीट कळतो, असा आमचा विश्वास आहे. उद्या तोच मुलगा कोणा परप्रांती खुर्चीवर बसून, ज्यांची भाषा त्याची नव्हे अशा माणसांच्या अर्जांवर शेरे लिहील. त्या वेळी दोन हजार इंग्रजी शब्दांइतकाच हा एक प्रश्न त्याच्या उपयोगी पडावा.