तळं आठवतं, जेवणाचा ठराव आठवत नाही



दर २० मार्चला आपण महाडला जातो. तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळभर पाणी उचलतो, पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा करतो आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरतो. मीही तेच करत आलो. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, म्हणजे महाड ही आमची बाजाराची जागा. तळं लहानपणापासून माहीत. पण त्या परिषदेत पाण्याशिवाय आणखी काय मागितलं होतं, हे मला महाडात कुणी सांगितलं नाही. ते गिरणीत कळलं.

मी कागदाच्या गिरणीत आहे. रद्दीचे गठ्ठे सोडायचे, तारा तोडायच्या, प्लास्टिक वेगळं काढायचं आणि माल पल्परात ढकलायचा. गठ्ठ्यांत सगळं येतं. गाइडं, लग्नपत्रिका, उत्तरपत्रिका, कुणाकुणाची गुणपत्रकं. एकदा कव्हर गेलेलं, मधली पानं सुटलेलं कीरांचं बाबासाहेबांचं चरित्र आलं. मुकादमाच्या नजरेआड मी ते शर्टाखाली घातलं. महाडचं प्रकरण जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचलं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घेतलं. हे आपण भाषणात सांगतो. दुसऱ्या दिवशी ठराव झाले, हेही सांगतो. ठरावांत काय होतं ते मात्र आपण गाळतो. सवर्णांना सांगितलं होतं की आमचे नागरी हक्क आम्हाला बजावू द्या, आम्हाला नोकरीत घ्या, मेलेली ढोरं तुमची तुम्ही पुरा आणि आमच्या विद्यार्थ्यांना जेवण द्या. सरकारला सांगितलं होतं की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करा, आमच्या बोर्डिंगांना पैसा द्या, बोल्यांचा ठराव अंमलात आणा. हे सगळं झाल्यावर अनंतराव चित्रे उठले आणि मग माणसं तळ्याकडे निघाली.

म्हणजे बघा, पाण्याला हात लावायच्या आधी परिषदेत विद्यार्थ्यांच्या जेवणाचं बोलणं झालेलं होतं.

बोल्यांचा ठरावही आपण पाण्यापुरताच लक्षात ठेवला. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात तो मंजूर करून घेतला. त्यात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा होत्या, तशा सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखानेही होते. तळं आणि शाळा एकाच ठरावात.

जेवणाच्या ठरावावर मी बरेच दिवस अडलो. जेवण द्या म्हणजे काय? गिरणीतल्या एका म्हाताऱ्या हिशेबनिसानं मला सांगितलं की त्याचा आजा वारावर जेवून मॅट्रिक झाला. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, सात वार सात घरं. पेशव्यांपासून गरीब बामणाची पोरं अशीच शिकली. माधुकरी मागितली, वार लावले, शिकून मामलेदार झाली. त्याला कुणी सवलत म्हटलं नाही, की फुकटे म्हणून हिणवलं नाही. जातीनं जातीची पोरं जगवली आणि त्याला पुण्य असं नाव दिलं. आपल्या ठरावानं एवढंच म्हटलं की हे पुण्य आमच्याही पोरांना द्या.

पण मला विचाराल तर ही मागणी ज्यांना केली त्यांच्याकडून पुरी होणारी नव्हती. ज्या घरात आपल्या पोराला अंगणाच्या पुढं पाय टाकता येत नव्हता, तिथं त्याचा वार कोण लावणार? लावला असता तरी पान कुठं मांडलं असतं? गोठ्यात. हे परिषदेतल्या पुढाऱ्यांना कळत नव्हतं असं मी मानत नाही. म्हणून तर त्याच दमात बोर्डिंगांची मागणी सरकारकडे केली. आपलं बोर्डिंग म्हणजे रोजचं जेवण आपल्याच छपराखाली, कुणाच्या दारात न वाकता.

आता आठ दिवस मागं चला. १२ मार्च १९२७. बाबासाहेब मुंबई कौन्सिलात नवे सभासद. शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आकडे काढले. प्राथमिक शाळेत शंभर पोरं येतात, त्यातली चौथीपर्यंत अठरा पोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. कॉलेजाचं सांगताना दोन लाख लोकवस्तीचं माप धरलं. पुढारलेल्या हिंदूंत दोन लाखांमागं एक हजार विद्यार्थी, मधल्या जातींत चौदा, आणि मागासांत शून्य, फार तर एखादा. आज सेमिनारात लोक ‘गळती’ हा शब्द नवा सापडल्यासारखा वापरतात. बाबासाहेब महाडच्या मंडपात आले ते हा गळतीचा हिशेब करूनच आले होते.

स्वतः त्यांचं शिक्षण कशावर झालं? एल्फिन्स्टन कॉलेजात सयाजीरावांचे महिन्याला पंचवीस रुपये मिळत. हातात येणारे पंचवीस, कागदावरची फीमाफी नव्हे. पुढं लंडनला असताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अर्ध्यावर परत यावं लागलं. आजच्या भाषेत बाबासाहेब ड्रॉपआउट झाले. पण युनिव्हर्सिटीनं चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिलेली होती. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं कर्ज दिलं, आणि १९२० ला ते परत गेले. अर्ध्यावर सुटलेल्या पोरासाठी दार उघडं राहिलं तर काय होतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

दार बंद झालं तर काय होतं, त्याचा पुरावा महाडलाच आहे. रामचंद्र बाबाजी मोरे, महाडजवळच्या लाडवलीचे. अकरा-बारा वर्षांचं पोर शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालं आणि महाडच्या इंग्रजी शाळेनं त्याला घेतलं नाही. पोरानं तक्रार लिहून पाठवली. मग नाइलाजानं घेतलं, पण वेगळं बसवलं. म्हणजे पोर हुशार, शिष्यवृत्ती हातात, शाळा जवळ, तरी शिक्षण पुरं झालं नाही. मोरे मुंबईत मिळेल ते काम करत कामगार झाले. बाबासाहेबांना परिषदेसाठी महाडला आणायची खटपट ज्यांनी केली ते हेच मोरे. पुढं कम्युनिस्ट झाले, ‘जीवनमार्ग’ काढला. आपल्यातले काही त्यांचं नाव टाळतात, लाल म्हणून. टाळा बापडे. ज्याला शाळेनं आत घेतलं नाही त्यानं तळ्यापर्यंत वाट काढली, एवढं तरी सांगत जा.

त्यांच्याही आधी रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतले. आपल्या कोकणात अक्षर आलं ते पलटणीच्या शाळांतून. १८९५ ला त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं तर बाकीच्या सभासदांना शेजारी बसणं जड गेलं. साधारण त्याच दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तशी शिकण्याची ती वाटही बंद झाली. आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांत पणजा सही करायचा आणि आजा अंगठा उठवायचा, त्याचं कारण हे.

बोर्डिंगांकडे बाबासाहेब महाडच्या आधीच वळले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढलं. १९२८ साली दलित शिक्षणासाठी संस्था उभारली आणि तिच्याकडं पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड इथली वसतिगृहं आली. पनवेल तेव्हाच्या कुलाब्यातलंच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ लाच अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाला हात दिला होता. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ ला सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. या सगळ्यांनी पोराच्या राहण्याजेवणाची सोय आधी लावली.

पुढचं बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. ऑक्टोबर १९४२ ला बाबासाहेबांनी व्हाइसरॉयपुढं निवेदन ठेवलं, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी. २० जून १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, लष्कराच्या बराकींत. तिथले वर्ग सकाळी भरायचे. का, ते कामगाराला सांगायला नको. पोरानं सकाळी शिकावं आणि मग कामावर जावं. १९५० ला औरंगाबादला मिलिंद, शेजारी वसतिगृहं. मराठवाड्यातल्या खेड्यांतली पोरं तिथं राहिली, जेवली, आणि लिहायलाही लागली. आपण आज ज्या कवींच्या ओळी भिंतीवर रंगवतो त्यातले किती तिथल्या खाणावळीतून आले ते बघा. १९६१ ला सोसायटीनं महाडलाच कॉलेज काढलं, बाबासाहेबांच्या नावाचं. पोलादपुरातही आता सुंदरराव मोरे कॉलेज आहे. म्हणजे कॉलेज दारात आलं.

मग आता अडतं कुठं? माझंच सांगतो, दुसऱ्याचं कशाला.

माझी बारावी २०२० ची. पहिलं वर्ष मोबाइलवर गेलं. रेंज धरायला टेपावर चढायचं, पावसात छत्री मोबाइलवर धरायची. मास्तर दिसायचे, आवाज नाही. २०२१ च्या जुलैत फॉर्म भरायचा म्हणून कागदांची फाइल महाडला आतेकडं ठेवली होती. २२ जुलैला सावित्री बाजारपेठेत शिरली. त्याच पावसानं तळियेवर दरड आणली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर आणली. माणसं गेली तिथं कागदांचं काय रडायचं? पण शिष्यवृत्तीला कागदच लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कलिस्ट, सगळ्याचा लगदा. आता रोज पल्परात बघतो तसाच. नवे दाखले काढायला खेटे घातले. त्यात एसटीचा संप लागला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत. आमच्या गावाला एकच वस्तीची गाडी, ती बंद. खाली रस्त्यापर्यंत चालायचं आणि मिनीडोरला जायचे-यायचे पैसे मोजायचे. बा म्हणाला, आठवड्यातून तीन दिवस जा. तीन दिवसांचे दोन झाले. हजेरी कमी भरली आणि परीक्षेला बसता आलं नाही. कुणी मला हाकललं नाही, कुणी जात विचारली नाही. मोऱ्यांना दारात अडवलं होतं. मला कुणी न अडवता मी बाहेर.

आजा लालबागच्या गिरणीत होता. रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकला. १९८२ च्या संपानंतर गावी आला तो परत गेलाच नाही. त्यानं माझ्या कॉलेजाच्या पहिल्या दिवशी मला शर्ट शिवला होता. मी सोडलं तेव्हा काही बोलला नाही.

सरकारी आकडा सांगतो. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणीत देशातलं पटाचं प्रमाण २८.४ टक्के, अनुसूचित जातींचं २५.९. अंतर किती कमी झालं म्हणून टाळ्या वाजतात. दोन लाखांत शून्यापासून इथपर्यंत आलो, ते खरंच आहे, आणि ते बाबासाहेबांमुळं. पण हा पट आहे. पटावर मीही होतो.

आणि मदत बघा कशी येते. आईबापाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, म्हणजे महिना २०,८३३ रुपये. नवराबायको दोघं कारखान्यात राबली की त्याच्या वर जातात. मग फीमाफी उरते, खाण्याराहण्याचं काही नाही. मुलीला एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट, तेरावीला पैसे. आमच्या वाडीतल्या दोन पोरी तिथंच थांबल्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात वर्षाला साठ हजार, त्यातले बत्तीस हजार नुसत्या जेवणाचे. योजना चांगली, मी तिला नावं ठेवणार नाही. नव्वद वर्षांनी का होईना, महाडचा जेवणाचा ठराव कुणीतरी वाचला म्हणायचं. पण सुरुवात झाली ती शहरांपुरती, वर गुणांची अट. जो रेंज शोधत टेपावर चढला त्याचे गुण कुठून यायचे? आणि पैसे खात्यात पडेपर्यंत खाणावळवाला थांबत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या बौद्ध मंडळाची बैठक झाली. मुंबईकरही आले होते. विहारापुढं कमान बांधायची, असा विषय होता. मी उठून म्हणालो, कमान पुढच्या वर्षी. यंदा महाडात दोन खोल्या घेऊ, आपली सात पोरं-पोरी कॉलेजात आहेत, एक खोली पोरींची. तांदूळ घराघरातून, भाजीचे पैसे मुंबईकरांनी द्यायचे, शिजवायचं पाळीनं. एक जाणता माणूस म्हणाला, “कमान सगळ्यांना दिसते. खोली कुणाला दिसणार?” पुष्कळजण हसले. मग मी तो ठराव वाचून दाखवला, शर्टाखालून आणलेल्या त्याच पुस्तकातून. हसणं थांबलं, पण मंजुरी झाली नाही. पुढच्या बैठकीत ठरेल.

आजीनं मात्र घरी आल्यावर मला वही काढायला लावली. दोन पायली तांदूळ तिच्या नावावर लिहून घेतले. तिच्याखाली आतापर्यंत नऊ घरं झालीत. खोली जूनच्या आत बघायला हवी, आणि ती पूर चढत नाही अशा जागी हवी. तिथं भाडं जास्त आहे.