'डीअर' शब्दाची कुळकथा

इंग्रजीच्या तासाला गुरुजींना एक प्रश्न हमखास येतो. एक डीअर, मग दोन 'डीअर्स' का नाहीत? 'अपवाद आहे, पाठ करा,' असे सांगून आपण पुढे जातो. पण खरे उत्तर मोठे मौजेचे आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'देओर' असा होता आणि त्याचे अनेकवचनही 'देओर'च होत असे. ही रीत हजार वर्षे टिकली. बदलला तो अर्थ. त्या काळी 'देओर' म्हणजे कोणताही रानपशू. लांडगा देओर, अस्वलही देओर. जर्मन भाषेतला 'टीअर' हा त्याचा सख्खा भाऊ. त्याचा अर्थ आजही 'प्राणी' असाच आहे.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. आपला 'मृग' शब्दच घ्या ना. ऋग्वेदात हत्तीला 'मृग हस्तिन्', म्हणजे हात असलेला पशू, म्हटले आहे. सिंह मृगराज, माकड शाखामृग, आणि शिकार ती मृगया. पुढे मृग म्हणजे नुसते हरिण उरले. या दोन शब्दांचे मूळ एक नाही बरे का. नशीब मात्र एकच.

इंग्लंडात असे का व्हावे? १०६६ साली नॉर्मन विल्यमने तो देश जिंकला. दरबारात फ्रेंच आली आणि पशूला 'बीस्ट' हा फ्रेंच शब्द हळूहळू रुळला. विल्यमला शिकारीचा भारी नाद. त्याने मोठमोठी राने राखीव केली. हरिण मारील त्याचे डोळे काढावेत असा त्याचा कायदा होता, हे त्या काळच्या बखरीत नोंदलेले आहे. हरिण पिकात शिरले तरी शेतकऱ्याने हात चोळीत बसायचे! १२१७ सालच्या वनसनदेने एवढे केले, की हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव जाऊ नये. जबर दंड राहिलाच; तो भरता आला नाही तर एक वर्ष नि एक दिवस तुरुंग. अशा मुलखात 'देओर' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे दुसरे कोणते जनावर उभे राहणार?

तरी जुना अर्थ एकदम मेला नाही. १६०६ साली राजापुढे झालेल्या शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात एडगर वेड्या भिकाऱ्याचे सोंग घेतो. उंदीर-घुशी खाऊन दिवस काढले म्हणतो, आणि त्यांनाही 'डीअर'च म्हणतो.