लोकलचे वेळापत्रक आणि इन्सुलिनचा पंप

इन्सुलिन पंप घ्यायचा की इंजेक्शनेच चालू ठेवायची, हा प्रश्न ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या घरांत प्रामुख्याने टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांपुढे येतो. प्रश्न यंत्राचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी वेळ आहे. निरोगी शरीर इन्सुलिन दिवसभर थेंबाथेंबाने सोडते आणि जेवणाच्या वेळी एकदम वाढवते. तेच काम बाहेरून करायचे तर घड्याळ कोणी कोणाचे पाळायचे, हे ठरवण्यात शंभर वर्षे गेली. या पट्ट्यात ते घड्याळ लोकलचे आहे.

टोरोंटोमध्ये ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते फारसे लागू पडले नाही. अर्क अधिक शुद्ध करून २३ जानेवारीला पुन्हा दिला, तेव्हा मुलाची साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवण्यापलीकडे उपचार नव्हता. मात्र या इन्सुलिनचा असर काही तासांतच संपे, म्हणून दिवसातून अनेकदा टोचावे लागे. डेन्मार्कमध्ये हागेडॉर्न यांनी १९३६मध्ये इन्सुलिनला प्रोटामिनची जोड दिली, पुढे एनपीएच इन्सुलिन आले आणि एक-दोन इंजेक्शनांवर दिवस निघू लागला. या सोयीची किंमत वेगळी होती. सकाळी सातला घेतलेले एनपीएच साधारण अकरापासून संध्याकाळपर्यंत जोरात काम करते. ते एकदा टोचले की परत घेता येत नाही, त्यामुळे माणसाला त्याच्या मागे मागे खावे लागते.

ठाण्याला रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी पोहोचली, कल्याणला १ मे १८५४ रोजी. स्वातंत्र्यानंतर गिरगाव-दादरच्या चाळींतली कुटुंबे मोठ्या जागेसाठी डोंबिवलीकडे सरकली, तसा तासा-सव्वा तासाचा प्रवास इथल्या नोकरदाराच्या अंगवळणी पडला. मधुमेहासाठी हा दिनक्रम अवघड होता. दुपारचा डबा वेळेवर खाल्ला जाई, पण चारचे खाणे चुकले, गाडी मध्येच थांबली, तर साखर खाली जाई. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही हायपोची लक्षणे. खच्चून भरलेल्या डब्यात घाम सगळ्यांनाच येतो. शेजारच्याला काही कळत नाही, आणि पुष्कळदा रुग्णालाही कळत नाही. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची गोळी ठेवण्याची शिस्त म्हणूनच जीव वाचवणारी होती.

घरातले कामही कमी नव्हते. काचेची सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळायची, निवू द्यायची, मग औषध भरायचे. साखर रक्तात नव्हे, लघवीत तपासली जाई. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळे राहिले तर ठीक. हिरवे, पिवळे, नारिंगी करत विटकरी झाले तर साखर खूप. हा रंग काही तासांपूर्वीची हकिगत सांगे, त्या क्षणाची नव्हे. साखर खाली गेल्याचे तर तो सांगूच शकत नसे. अशा आंधळ्या हिशेबावर नेमका डोस ठरवणे अशक्यच होते. शिक्षणाची गरज मोठी होती, आणि ती मुंबईत डॉ. श्री. शां. आजगावकर यांनी ओळखली. त्यांच्या पुढाकाराने १९५५मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. माहीमचे रहेजा रुग्णालय पुढे या कामाचे केंद्र बनले. कल्याणहून तिथे जायचे तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी धरावी लागते.

पंपाची कल्पना लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कॅडिश यांनी १९६०च्या दशकात प्रत्यक्षात आणली. ते यंत्र पाठीवर घ्यावे लागे. वापरण्याजोगी पद्धत लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये मांडली: बॅटरीवरचा छोटा पंप, बारीक नळी, त्वचेखाली सुई. अमेरिका व कॅनडातील मोठ्या डीसीसीटी चाचणीत १,४४१ रुग्ण होते आणि १९९३मध्ये तिचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत डोळ्यांचा आजार उद्भवण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झाले, मात्र गंभीर हायपो सुमारे तिप्पट वाढले. या गटातले काही जण पंपावर होते, काही दिवसातून तीन-चार इंजेक्शनांवर. म्हणजे फायदा शिस्तीचा होता, निव्वळ पंपाचा नव्हे. पंप घेण्याचा विचार करणाऱ्याने हा भाग नीट वाचावा.

पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नसतेच. जलद इन्सुलिन तासागणिक ठरलेल्या दराने जाते. पहाटे वाढवता येते, उभ्याने प्रवास करायचा असेल तेव्हा उतरवता येते. जेवण लांबले तर जेवणाचा डोसही लांबवता येतो. वर्षानुवर्षे माणूस इन्सुलिनच्या मागे धावला, इथे इन्सुलिन माणसाच्या मागे येते. पण नळी मुडपली, सुईचा सेट निसटला, तर शरीरात साठा काहीच उरत नाही आणि काही तासांत रक्तात कीटोन ही घातक आम्ले वाढू लागतात. २६ जुलै २००५च्या पावसात गाड्या बंद पडून हजारो लोक रात्रभर अडकले होते. तशा रात्री पंपवाल्याकडे जास्तीचे इन्सुलिन, पेन आणि साखर तपासण्याचे यंत्र नसेल, तर धोका इंजेक्शनवाल्यापेक्षा मोठा.

एक बारकावा केमिस्टच्या काउंटरवर दिसतो. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पंपात आणि पेनमध्ये १०० युनिटचे इन्सुलिन लागते, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. १०० युनिटचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने तिच्याच खुणांवर मोजून घेतले, तर डोस अडीचपट जातो. पंप बंद पडून सिरिंजवर यावे लागले, तर घाईत नेमकी हीच चूक होते.

खर्चही साधा नाही. पंप काही लाखांचा असतो, आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे सेट व रिझर्व्हायर कायमचे मागे लागतात. हे पैसे बहुतेक कुटुंबे स्वतःच भरतात. सेन्सरला जोडलेले, स्वतःहून डोस कमी-जास्त करणारे पंप २०१६पासून अमेरिकेत मान्यता मिळवून पुढे आले. तरी जेवणाची नोंद माणसालाच द्यावी लागते, पोळ्या किती आणि भात किती हे मोजावे लागते. दिवसातून चारदा साखर पाहण्याची सवय ज्या घरात आधीच आहे, त्या घरात पंप रुजतो. जिथे ती नाही, तिथे आधी काही महिने पेन, ग्लुकोमीटर आणि वहीवर ती बसवावी, असे मधुमेहतज्ज्ञ साधारणपणे सुचवतात, आणि मगच पंपाचे प्रात्यक्षिक देतात.