तिसऱ्या मुलीचा हिशोब

महाराष्ट्रात सरकार बदलले की योजनेचे नाव बदलते. पण गरिबाघरी मुलगी जन्मली तर तिच्या वाढीचा थोडा भार सरकारने उचलावा, यावर दहा-बारा वर्षांत सगळ्या पक्षांचे एकमत दिसते.

काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने 1 जानेवारी 2014 पासून ‘सुकन्या’ आणली. दारिद्र्यरेषेखालच्या मुलीच्या नावे 21,200 रुपये आयुर्विमा महामंडळात ठेवायचे आणि अठराव्या वर्षी तिला एक लाख द्यायचे. भाजप-शिवसेनेच्या काळात 2016 साली ‘माझी कन्या भाग्यश्री’ आली. पुढच्याच वर्षी तिची उत्पन्नमर्यादा एक लाखावरून साडेसात लाखांवर नेली. मग शिंदे सरकारची ‘लेक लाडकी’ आली. ही 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलींसाठी आहे. जन्माला 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठराव्या वर्षी 75,000, असे एकूण 1,01,000 रुपये.

शिक्षक म्हणून मला हा शेवटचा बदल मोलाचा वाटतो. आधी मूळ रक्कम अठराव्या वर्षापर्यंत बंद असायची, आता पैसा शाळेच्या टप्प्यांवरही हातात येतो. उर्दू माध्यमातली मुलगी नेमकी शाळा बदलताना गळते, हे आमच्या वसई-नालासोपाऱ्यातल्या पालकांना वेगळे सांगायला नको.

पण नावे बदलली तरी एक गोष्ट बदलली नाही. ‘भाग्यश्री’त कुटुंबनियोजनाची अट होती, ‘लेक लाडकी’तही पुढच्या हप्त्यांसाठी आई किंवा वडिलांचे तसे प्रमाणपत्र लागते. म्हणजे तिसरी मुलगी हिशोबाबाहेर. हा प्रश्न केवळ मुसलमान मोहल्ल्याचा नाही. मुलाची वाट पाहत तिसरी लेक झालेली घरे प्रत्येक वस्तीत आहेत. शिक्षा मात्र त्या लेकीला, जिने काहीच ठरवलेले नव्हते.

याच राज्यात दुसरी रीतही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. तेव्हापासून किती सरकारे आली-गेली, पण खिचडी वाढताना कुणी विचारत नाही, ‘तू घरातली कितवी?’ मुलींच्या योजनेवर पक्षांचे एकमत आहेच. ते या ताटापर्यंत आले, तर माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची धाकटीही त्यात बसेल.