उषःपानाचें प्रमाण : आठ प्रसृति म्हणजे किती पाणी ?

पहांटे उठून पाणी पिण्याच्या वहिवाटीस आपल्याकडे उषःपान म्हणतात, व तिचें समर्थन करतांना भावप्रकाशांतील एक वचन बहुधा पुढें केलें जातें. सूर्योदयाच्या सुमारास जो मनुष्य आठ प्रसृति पाणी पितो तो रोग व जरा यांपासून मुक्त होऊन शंभराहून अधिक वर्षें जगतो, असा त्या वचनाचा आशय आहे. योगरत्नाकरांतही उषःपानाची अशीच प्रशंसा आढळते. व तो ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें आपल्या ग्रंथावलींत छापल्यापासून महाराष्ट्रांतील वैद्यमंडळींच्या विशेष परिचयाचा झाला. फलश्रुति सर्वांस पाठ आहे. पण प्रसृति म्हणजे किती, असें विचारलें असतां उत्तरें निरनिराळीं येतात. कोणी आठ ओंजळी सांगतो, कोणी आठ पेले, कोणी तांब्यांवर जातो. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनीं भावमिश्राच्या आधारावर रोज पहांटे दीड लिटर पाणी एका बैठकींत पिण्याचा नेम धरला होता. पोट फुगतें, मळमळतें, अन्नावर वासना राहत नाहीं, अशी त्यांची तक्रार असे. तरी ग्रंथांत सांगितलें आहे म्हणून नेम सोडण्यास ते तयार नव्हते. ग्रंथांत खरोखर काय सांगितलें आहे, हें पाहण्याची बुद्धि आम्हांस त्यामुळें झाली.

प्रथम वचनाच्या वयाचा विचार करूं. भावमिश्राचा काल इसवी सनाचें १६ वें शतक हा सामान्यतः मान्य आहे. त्यापूर्वींच्या संहितांकडे वळलें असतां आठ प्रसृतींचा हा नित्यविधि त्यांच्या दिनचर्येच्या अध्यायांत आढळत नाहीं. चरकाच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत अंजन, धूमपान, नस्य, अभ्यंग, दंतधावन यांचा विस्तार आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील दिनचर्येचा आरंभ ब्राह्म मुहूर्तावर उठण्यापासूनच होतो. तथापि उठतांच अमुक इतकें पाणी प्यावें, ही आज्ञा दोहोंकडेही नाहीं. मग ही कल्पना आली कोठून ? आमच्या मतें तिचें मूळ दिनचर्येंत नसून रसायनप्रकरणांत शोधावें. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत, २७ व्या अध्यायांत, थंड पाणी, दूध, मध व तूप यांपैकीं एक एक, दोन दोन, तीन तीन किंवा चारही एकत्र, आधीं प्याल्यास वय टिकून राहतें असें सांगितलें आहे. आणि थोड्या फरकानें हेंच अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांतील रसायनाध्यायांत उतरलें आहे. तेथें पाण्याचें माप नाहीं. शिवाय पाणी हा अनेक पर्यायांपैकीं एक पर्याय, आणि तोही वयःस्थापनाची इच्छा धरणारासाठीं. म्हणजे प्राचीनांचें जें ऐच्छिक रसायन, तें पुढच्या संग्रहकारांच्या हातीं नित्याचा विधि झालें. व विधि झाला म्हणजे त्यास संख्या चिकटते, हा धर्मशास्त्राच्या पोथ्या चाळणारांचा रोजचा अनुभव आहे.

आतां मापाकडे वळूं. शार्ङ्गधरसंहितेंत दिलेलें मागधमान पुढील बहुतेक ग्रंथकारांनीं प्रमाण मानिलें. त्याप्रमाणें ४ कर्ष म्हणजे १ पल, २ पलें म्हणजे १ प्रसृति, २ प्रसृति म्हणजे १ अंजलि अथवा कुडव, आणि ४ कुडव म्हणजे १ प्रस्थ. तेव्हां ८ प्रसृति म्हणजे १६ पलें, म्हणजेच बरोबर १ प्रस्थ. कर्ष व तोळा हे एक धरण्याची जी रूढि आहे तिजप्रमाणें हें पाणी ६४ तोळे भरतें. कंपनी सरकारनें इ. स. १८३३ त १८० ग्रेनांचा तोळा ठरविला, त्या तोळ्यानें हें वजन पाऊण किलोच्या किंचित् आंत येतें. भारत सरकारच्या आयुर्वेदीय योगसंग्रहांत कर्ष १२ ग्रामांचा धरला आहे, त्या हिशेबानें ७६८ ग्राम होतात. जुन्या ८० तोळ्यांच्या पक्क्या शेराशीं ताडून पाहिलें तर शेरास १६ तोळे कमी. एकंदरींत पाऊण लिटर, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मग आमच्या गृहस्थांचें दीड लिटर आलें कोठून ? याचें उत्तर मनोरंजक आहे. वैद्यकांत द्रवद्वैगुण्य नांवाची एक परिभाषा आहे. विशिष्ट मापापासून पुढें पातळ व ओल्या पदार्थांचें मान दुप्पट घ्यावें, असा तिचा अर्थ. कोणा पंडितानें ८ प्रसृतींचा प्रस्थ केला, आणि प्रस्थ झाल्यावर तो द्रव म्हणून दुप्पट केला. त्यामुळें ७६८ चे १५३६ झाले. परंतु शार्ङ्गधराचा नियम असा आहे कीं, गुंजेपासून कुडवापर्यंत द्रव, आर्द्र व शुष्क या तिहींचें मान समान धरावें, आणि प्रस्थापासून पुढें द्विगुण करावें. वचनांत प्रस्थ हा शब्दच नाहीं. प्रसृति हें माप कुडवाच्या खालचें. म्हणून तें दुप्पट होत नाहीं, व तें आठ वेळां घेतल्यानेंही होत नाहीं. ग्रंथकारास प्रस्थ अभिप्रेत असता तर तो शब्द त्यास ठाऊक नव्हता असें थोडेंच आहे ! त्यानें लहान माप योजून संख्या सांगितली, यांत हेतु असावा असें आम्हांस वाटतें.

तो हेतु कोणता, याचा उलगडा प्रसृति या शब्दांतच आहे. प्रसृति म्हणजे पसरून खोलगट केलेला एका हाताचा तळवा; दोन तळवे जुळले कीं अंजलि, म्हणजे आपली ओंजळ. आपल्या मराठींतील पसा हा शब्द याच कुळांतला असावा असें आमचें मत आहे. (पसायदानांतील पसाय मात्र प्रसादापासून आलेला आहे, त्याचा या पशाशीं संबंध जोडूं नये.) तेव्हां आठ प्रसृति म्हणजे आठ पसे, किंवा चार ओंजळी. ज्यानें आठ ओंजळी म्हटल्या त्यानें माप दुप्पट केलें, व ज्यानें पेले म्हटलें त्यानें तें किती पट केलें तें पेल्यावर अवलंबून. वाचकांनीं स्वतःच्या पशांत मावणारें पाणी एकदां मोजून पाहावें. तें कोष्टकांतील ८ तोळ्यांहून पुष्कळच कमी भरेल. हाताचें माप व तराजूचें माप यांतील हें अंतर जुन्या सर्वच कोष्टकांत राहतें, पण येथें हाताच्या मापाचा एक गुण आहे: लहान चणीच्या माणसाचा पसा लहान, धिप्पाड माणसाचा मोठा. नदीकांठीं किंवा विहिरीवर हातानें पाणी पिणाऱ्या मनुष्यास सांगितलेलें हें मान आहे; हंड्यांतून मोजून देण्याचें नव्हे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे या वचनाबरोबर येणारा अपवाद. ज्यानें स्नेहपान केलें आहे, ज्यास क्षत झालें आहे, ज्याची शुद्धि म्हणजे वमनविरेचनादि कर्में झालीं आहेत, ज्याचें पोट फुगलें किंवा जड होऊन बसलें आहे, ज्यास उचकी लागली आहे अथवा कफवातजन्य व्याधि आहे, त्यास हें पाणी वर्ज्य, असें भावप्रकाशांत स्पष्ट म्हटलें आहे. आमच्या गृहस्थांचें पोट रोज फुगत होतें. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आज्ञेनें ते पाणी पीत, त्याच ग्रंथानें तें त्यांस मना केलें होतें. आरोग्यविषयक पत्रकांतून शंभर वर्षांची फलश्रुति छापली जाते, अपवाद क्वचितच छापला जातो. (त्याच प्रकरणांत नाकानें पाणी ओढण्याचीही मोठी प्रशंसा आहे, पण तिचा प्रचार करणारे सज्जन आम्हांस अद्याप भेटले नाहींत.)

वचनाचा अर्धा भाग गळण्याचा हा प्रकार केवळ आपल्याच देशांत घडतो असें नाहीं. दिवसास आठ पेले पाणी प्यावें, असा जो नियम अलीकडे सर्वत्र ऐकूं येतो, त्याचें मूळ शोधणाऱ्यांनीं अमेरिकेंतील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्नपोषण मंडळाच्या इ. स. १९४५ च्या शिफारशीकडे बोट दाखविलें आहे. तींत प्रौढ मनुष्यास बहुधा रोज अडीच लिटर पाणी पुरेसें होतें असें म्हटलें होतें, आणि लगेच पुढें, यांतील बराचसा भाग तयार अन्नांतच असतो, असेंही म्हटलें होतें. पुढलें वाक्य गळालें, आंकडा राहिला. हाइन्झ व्हॅल्टिन या शरीरशास्त्रज्ञानें इ. स. २००२ त या नियमाचा आधार धुंडाळला, तेव्हां निरोगी मनुष्यास सरसकट आठ पेल्यांची आवश्यकता असल्याचा शास्त्रीय पुरावा त्यास मिळाला नाहीं. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकन नियम आठ औंसांचे आठ पेले सांगतो, म्हणजे ६४ औंस; आणि आमच्या आठ प्रसृति आठ आठ तोळ्यांच्या, म्हणजे ६४ तोळे. या साम्यावरून अमेरिकनांनीं भावमिश्र वाचला होता असें सिद्ध करण्यास कोणी निघेल, म्हणून आधींच सांगून ठेवतों कीं ६४ औंस म्हणजे सुमारें १·९ लिटर, आणि तेही दिवसभराचे. आठ प्रसृति पहांटेच्या. आंकडे जुळले म्हणून परंपरा जुळत नाहीं.

दिवसभरांत एकंदर किती पाणी प्यावें, याविषयीं प्राचीनांनीं आंकडा न देतां विवेक दिला आहे. अतिशय पाणी प्याल्यानें अन्न पचत नाहीं, मुळींच न प्याल्यानेंही तोच दोष, म्हणून थोडें थोडें पण वरचेवर प्यावें, असा उपदेश भावप्रकाशांतच आहे. वाग्भट शरद् व ग्रीष्म हे दोन ऋतु वगळून इतर काळीं निरोगी मनुष्यासही बेतानेंच पिण्यास सांगतो, व मंदाग्नि, उदर, शोथ इत्यादि विकारांत तर शक्य तितकें टाळण्यास सांगतो. तहान हा वेग अडवूं नये, हें मात्र चरकानें तेरा अधारणीय वेगांत गणून ठेविलें आहे. आजचें शास्त्र याहून फार दूर गेलें आहे असें नाहीं. अमेरिकेच्या वैद्यकसंस्थेनें इ. स. २००४ त पुरुषास ३·७ व स्त्रीस २·७ लिटर असें दैनिक मान दिलें, पण तें अन्न व सर्व पेयें धरून. आमटी, ताक, पेज, चहा हीं सर्व त्यांत आलीं. निरोगी मूत्रपिंडें तासास सुमारें एक लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकूं शकतात. त्याहून झपाट्यानें पीत गेल्यास रक्तांतील सोडियम उतरतें. बोस्टन येथील इ. स. २००२ च्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकीं शेंकडा १३ जणांत तें उतरलेलें आढळलें. उलट उन्हांत राबणारास, मुतखड्याची प्रवृत्ति असणारास अधिक पाणी लागतें, आणि उतारवयांत तहानेची जाणीवच मंद होत असल्यानें म्हाताऱ्या माणसांस आठवण करून द्यावी लागते. हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बळ असणाऱ्यांनीं वैद्याच्या सांगण्याप्रमाणेंच प्यावें.

जाता जातां आणखी एक गोष्ट. जुन्या दप्तरांत व ग्रंथांत पाण्याविषयीं जी चिंता दिसते ती बहुतेक गुणाची, परिमाणाची नव्हे. दिवसा सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रानें निवविलेलें व अगस्त्योदयानें निर्मळ झालेलें शरदांतील हंसोदक चरक वाखाणतो. आईन-इ-अकबरींत अकबराच्या आबदारखान्याचें वर्णन आहे, तेथें गंगेचें पाणी प्रवासांतही बरोबर असे व सोऱ्यानें थंड करीत. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें पुण्याच्या हौदांत आणविलें. पाणी कोठलें, कसलें, केव्हांचें, हें सर्व विचारीत. किती, हें तहानेवर सोडीत.

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति. भावप्रकाशाच्या व योगरत्नाकराच्या पोथ्या, तसेंच घरगुती वैद्यकी बाडें, आपणांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं आहेत. त्यांतील उषःपानाच्या ठिकाणीं प्रसृति हाच शब्द आहे कीं दुसरें माप आहे, संख्या आठच आहे काय, समासांत कोणीं मराठींत पसे, ओंजळी किंवा शेर असा अर्थ टिपला आहे काय, आणि अपवादाचा श्लोक लगत आहे कीं गळला आहे, एवढ्या चार गोष्टी पोथीच्या शकासह उतरून मंडळाकडे पाठविल्यास, कोणत्या शतकांत व कोणत्या प्रांतांत ही गळती सुरू झाली तें ठरवितां येईल. तुटक पानेंही चालतील. किंबहुना तींच अधिक उपयोगीं पडतील, कारण बाडांत एकट्या श्लोकाची नकल करणारानें काय घेतलें व काय सोडलें हें त्यांवरूनच दिसतें.