दिवा आणि नोंदवही

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. तो परिचारिका दिन म्हणून साजरा होतो आणि प्रत्येक चित्रात तिच्या हातात दिवा असतो. दिव्याला माझी हरकत नाही. पण सैन्यात उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला तिची नोंदवही जास्त मोलाची वाटते. आज नर्सिंग कॉलेजांत ‘पुराव्यावर आधारित शुश्रूषा’ शिकवतात, तिचे एक मूळ या वहीत आहे.

क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ती ३८ परिचारिका घेऊन इस्तंबूलजवळच्या स्कुतारीला पोचली. तुर्की सैन्याच्या अवाढव्य बराकीचे इंग्रजांनी रुग्णालय केले होते. खाली गटारे तुंबलेली, वर रुग्णांची खेचाखेच. जखमांपेक्षा पटकी, हगवण आणि टायफसनेच शिपाई जास्त मरत होते. तिने स्वच्छ कपडे मिळवले, स्वयंपाकघर सुधारले, रात्री फेऱ्या घातल्या. तरी फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले! मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आले. त्याने गटारे धुऊन काढली, पाण्याची सोय पाहिली, वारा खेळता केला. जूनमध्ये प्रमाण शेकडा २ वर होते. थंडी सरली होती, रसदही सुधारली होती, हे खरे. पण मोठे श्रेय तिने कमिशनच्या कामालाच दिले.

मायदेशी ती देवी ठरली होती. सत्कारात रमण्याऐवजी ती विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडेमोडीला बसली. स्कुतारीच्या मृत्यूंच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. ज्याने कधी परेड स्टेट तयार केले आहे, त्याला या गोंधळाची भीषणता कळेल: माणूस गेला, आणि कशाने गेला हे कागदावर नाही. १८५८ मध्ये तिने पाकळ्यांसारखा तक्ता छापला. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्यापुढे लाल अगदी किरकोळ दिसतो. मंत्र्यांना रकाने वाचायचा कंटाळा असतो, हे तिने बरोबर ओळखले होते.

मग तिची नजर हिंदुस्थानाकडे वळली. ती इथे कधीच आली नाही. १८५९ च्या रॉयल कमिशनसाठी तिने छावण्या-छावण्यांना प्रश्नावली पाठवली: पाणी कुठले, मोरी कुठे, बराकीत माणसे किती? १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर निघाला हजारी ६९. अधिकारी खापर फोडत होते हवेवर. तिने बोट ठेवले घाण पाण्यावर, नसलेल्या मोऱ्यांवर, दाटीवर, दारूवर आणि दिवसभर खाटेवर लोळण्यावर. दहा वर्षांत दर हजारी १८ वर आला. उन्हाळा तर तोच होता! बराकीबाहेरच्या वस्त्यांकडे मात्र सरकारने फारसे पाहिले नाही. छावणी जगली, गाव मरत राहिले. नाइटिंगेल नंतर खेड्यांच्या आरोग्यावर लिहीत राहिली, ते यामुळेच.

आमच्या युनिटमध्ये सिक रिपोर्टवर हगवणीची नावे वाढली, की कंपनी कमांडरला पहिला प्रश्न येई, “लंगरचे पाणी कुठून येते?” औषधाचा प्रश्न नंतर. सैन्याच्या परिचारिकांचे मी जे पाहिले, त्यात हातावरचा साबण आणि तक्त्यावरची वेळ या दोन गोष्टींवर त्या कर्नललाही सोडत नसत. या सेवेच्या पहिल्या दहा परिचारिका १८८८ मध्ये इंग्लंडहून मुंबईत उतरल्या होत्या.

एक प्रकरण कमी सांगितले जाते. नाइटिंगेलच्या नावाच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींना शिकवण्यासाठी बाळंतिणींचा वॉर्ड सुरू झाला होता. तिथे बाळंतज्वराने स्त्रिया दगावू लागल्या आणि १८६७ मध्ये वॉर्ड बंद करावा लागला. तिथे प्रकरण मिटवता आले असते. तिने मात्र ठिकठिकाणचे आकडे मागवले. घरी, अगदी गरिबाच्या खोलीत बाळंत होणाऱ्या बाईपेक्षा प्रसूतिगृहातली बाई जास्त धोक्यात असल्याचे दिसले. म्हणजे जागा बदलली की तीच शुश्रूषा मारकही ठरते. १८७१ मध्ये तिने हे सारे पुस्तकात छापले, आपल्या निधीच्या वॉर्डातल्या मृत्यूंसह.