पडद्यावरील देवनागरी : चित्रपटांच्या नामावलीतील अक्षराचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. त्या स्तूपाच्या कठड्यावर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली असून मुचलिंद नागाच्या शिल्पाजवळ त्याचेही नाव दिलेले आहे. चित्र, चित्राचे नाव आणि ज्यांच्या साहाय्याने ते उभे राहिले त्यांची नावे ही सामग्री चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या नामावलीहून फारशी निराळी नाही. ही तुलना कोणास ओढूनताणून केलेली वाटेल, आणि कार्यापुरती ती तशी आहेही. परंतु येथे आपला विषय नावे हा नसून अक्षर हा आहे. पवनीच्या ब्राह्मीत प्रत्येक अक्षर सुटे, शिरोरेषेवाचून उभे आहे. पुढे विदर्भातील वाकाटक ताम्रपटांत अक्षरांच्या माथ्यावर लहान पेटिका आल्या. नागरीत त्या माथ्याची अखंड रेषा झाली. नावे स्थिर दगडावर असोत की हलत्या पडद्यावर, त्यांची मांडणी या रेषेने ठरविली आहे, आणि नामावलीच्या इतिहासलेखनात नेमकी हीच बाब दुर्लक्षित राहिली आहे.

आपल्याकडील आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून धरावा लागतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. मूकपटात कथेचा धागा पडद्यावरील पाट्यांनी सांधला जात असे; या चित्रपटाच्या उपलब्ध अवशेषांत त्या इंग्रजीत व हिंदीत आढळतात. फाळके हे मूळचे मुद्रणव्यवसायातले. रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठी त्यांनी लोणावळ्यास काम केले होते, स्वतःचा छापखानाही चालविला होता. तेव्हा पडद्यावरील पहिली पाटी ही छापील पानाचीच कन्या होती, असे म्हणण्यास हरकत नाही. ती स्थिर असे आणि वाचून होताच नाहीशी होई. मात्र त्याच फाळक्यांनी १९१२ मध्ये एकेक चित्रचौकट टिपून कुंडीतील अंकुराची वाढ दाखविली होती, आणि १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काडेपेटीतील काड्यांना चालते केले होते. काड्या हलविणाऱ्या हातास अक्षरे हलविणे तंत्रदृष्ट्या अशक्य नव्हते.

बोलपट आल्यावर पाट्यांचे कथनाचे काम संपले, पण नामावली राहिली, आणि तिला एक नवी अडचण आली. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी आपले अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढीत असे. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हिंदीत 'अयोध्या का राजा' होता. १९३७ चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला. लिपी दोहोंची एकच, पण वळण एक नव्हे. मराठी हाताचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हिंदी वळणाहून वेगळा असतो. तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे प्रभातचे बोधचिन्ह दोन्ही भाषांस चाले. अक्षराचे तसे नव्हते.

त्या काळची कार्यपद्धती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. काळ्या फलकावर पांढऱ्या रंगाने अक्षरे रेखाटीत, फलक कॅमेऱ्याखाली मांडीत आणि एकेक चौकट टिपीत. बोलपटाचा वेग सेकंदास २४ चौकटींचा असल्याने दोन मिनिटांच्या नामावलीस २,८८० चौकटी लागत. नावे खालून वर सरकवावयाची असल्यास ती लांब पट्टीवर लिहून रुळावर फिरवीत. चालत्या दृश्यावर अक्षरे उमटवावयाची असल्यास दोन फिती एकत्र छापीत. काम कष्टाचे होते, आणि ज्याने ही अक्षरे लिहिली त्याचे नाव त्या नामावलीत क्वचितच असे.

अमेरिकेत सॉल बास याने 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) आणि 'सायको' (१९६०) या चित्रपटांत नामावलीस स्वतंत्र कलाकृतीचे स्थान मिळवून दिले. 'सायको'त अक्षरे आडव्या चिरफळ्यांत तुटतात व पुन्हा जुळतात. रोमन लिपीत वर्ण मुळातच सुटे असल्यामुळे त्यांना पांगविता येते, एकेक करून पडद्यावर आणता येते. हीच युक्ती देवनागरीवर जशीच्या तशी लादली असता काय होते? 'किती' हा शब्द डावीकडून उजवीकडे क्रमाक्रमाने उमटवू लागलो, तर प्रथम वेलांटी दिसते आणि मागाहून 'क' येतो. उच्चारात स्वर नंतर, डोळ्यांस मात्र तो आधी. 'स्त्री' या शब्दाचे तुकडे केले तर तीन व्यंजने आणि एक स्वर हाती येतात, पण वाचकाला त्यांपैकी एकही शब्दाचा अंश म्हणून ओळखू येत नाही. माझ्या मते निष्कर्ष स्पष्ट आहे: हलत्या देवनागरीचा घटक वर्ण नव्हे, अक्षर होय, आणि त्या अक्षरांस शिरोरेषेने शब्दात बांधलेले असते. जुन्या लेखकूंनी हा सिद्धांत कधी मांडला नाही. हाताने मात्र पाळला.

या जाणिवेला पुढील पिढीत शास्त्राचे व स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) यांनी जाहिरातक्षेत्रात व नंतर पवईच्या आय.आय.टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात सुलेखन आणि टंकरचना यांवर काम केले. संगणकावरील 'मंगल' हा टंक त्यांचाच. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटके व चित्रपट यांच्या शीर्षकांस आशयानुरूप वळण दिले. त्यांचे 'माझी अक्षरगाथा' हे पुस्तक भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावे असे आहे. आमच्या पाठ्यक्रमांत ते का नाही, हे मला कळलेले नाही.

संगणक आल्यावर चौकटींचा कष्ट संपला. परंतु रोमन लिपी गृहीत धरून घडविलेल्या आरंभीच्या आज्ञावलींत वेलांटी जागा सोडी, जोडाक्षरे हलन्त होऊन विस्कटत. तो दोष पुष्कळ अंशी दूर झाला आहे. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. युनिकोड संकेतप्रणालीत 'ल' ला एकच क्रमांक आहे. त्याचे वळण टंक ठरवितो, आणि प्रचलित टंकांत ते बहुधा हिंदीचे असते. त्यामुळे आजच्या मराठी चित्रपटाच्या व मालिकेच्या नामावलीतही हिंदी 'ल' सर्रास दिसतो. १९५६ पर्यंत मध्य प्रांतात व नंतरच्या मध्य प्रदेशात असलेल्या, आजही बालाघाटला लागून असलेल्या भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ सौंदर्याचा मानता येत नाही. येथील सात तालुक्यांपैकी साकोली, लाखनी व लाखांदूर या तिहींच्या नावांत हे अक्षर आहे, आणि ते कोणत्या वळणाचे लिहावे हा निर्णय पाटी रंगविणाऱ्याच्या हातून टंकाकडे गेला आहे.

हे परिवर्तन केव्हा व कसे घडले हे ठरविण्यास जुन्या नामावलींइतका दिनांकित पुरावा दुसरा नाही. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार, 'नांव' यासारखी रूपे, 'ल' चे वळण, शिरोरेषेची जाडी हे सारे वर्षवार नोंदविता येईल. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) काही प्रती आहेत. पण नामावली पहिल्या रिळाच्या अगदी आरंभी असते, आणि यंत्रात चढविताना फितीचा तोच भाग सर्वांत आधी झिजतो व तुटतो. म्हणून नोंदणीचे काम तेथूनच सुरू करावे लागेल.